साहेबांनी महाराष्ट्र घडवला म्हणजे नेमकं काय केलं?

गेल्या महिन्यात कॉलेजचे सात-आठ जण बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो होतो आणि जेवणाआधीच दोघांची जुंपली. विषय नेहमीचा, महाराष्ट्र कोणी घडवला. एकाचं म्हणणं की इतर राज्यांकडे बघा आणि आपल्याकडे बघा, यशवंतरावांपासून पवारांपर्यंत दूरदृष्टीची माणसं मिळाली म्हणून हे राज्य पुरोगामी झालं, नाहीतर आपणही जातीपातीत लोळत बसलो असतो. दुसरा आधीच तापलेला, तो म्हणे नेत्यांनी घडवले ते कारखाने, शिक्षणसंस्था आणि आपापली पोरं-पुतणे, बाकी जे काही बदललं ते चळवळींनी बदललं, नेते फक्त फीत कापायला आले. ताटं वाढून झाली तरी दोघं थांबेनात. मी बराच वेळ ऐकत होतो आणि लक्षात आलं की दोघंही एकच चूक करतायत, फक्त उलट्या बाजूंनी. दोघांनाही क्रेडिट वाटायचंय. एकाला सगळं साहेबांच्या नावावर चढवायचंय, दुसऱ्याला ते खोडायचंय, आणि नेमकं काय घडलं, कधी घडलं, मधे किती वर्षं गेली हे विचारायला कोणाला सवड नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. समाजात काय बदलायला हवं हे आपल्याकडे बहुतेक वेळा नेत्याला सुचलेलं नाही, ते आधी कोणीतरी ओरडून, उपाशी राहून, मार खाऊन सांगितलेलं असतं. पण ती मागणी कागदावर यायला पाच वर्षं लागतात की पन्नास, हे मात्र खुर्चीवर कोण बसलाय त्यावर ठरतं. आणि ही वर्षं म्हणजे काही हवेतला आकडा नाही, एक पिढी शाळेत जाते की गुरं राखते एवढा फरक त्यात असतो. त्यामुळे कोणी महाराष्ट्र घडवला असं विचारण्याऐवजी मागणी कधी आली, सही कधी झाली आणि मधली वर्षं कोणी खाल्ली असं विचारलं तर वाद निदान मोजता येईल अशा गोष्टीवर येईल.

उदाहरण जुन्यापासूनच घेऊ. जोतिराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती, आणि सरकार शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या जातींच्या पोरांचं उच्च शिक्षण चालवतंय हेही सुनावलं होतं. इंग्रज सरकारने ते फाईलला लावलं. 1911 मध्ये गोखल्यांनी देशाच्या मध्यवर्ती कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, तेही पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आणि अख्ख्या देशाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला 2009 मध्ये. म्हणजे मागणी एकच, कोल्हापूरला 35 वर्षं लागली आणि देशाला 127. मधला 92 वर्षांचा फरक चळवळीमुळे पडला असं म्हणता येत नाही, कारण फुल्यांची मागणी तर सगळ्यांनाच माहीत होती. तो फरक एका माणसाने पाडला आणि तो माणूस सत्तेत होता.

नेत्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मित्राचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. 26 जुलै 1902 चा हुकूम, संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांना द्या म्हणून, हा कोणत्या मोर्चाच्या दबावाखाली निघालेला नव्हता. गंगाराम कांबळेंनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल टाकलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार हा प्रश्न होता, महाराज तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. हा हुकूम नव्हे, हा चहा आहे, आणि कधीकधी चहा हुकुमापेक्षा पुढे जातो. फक्त एक गोष्ट आपण विसरतो, महाराजांना निवडणूक लढवायची नव्हती. वेदोक्ताच्या प्रकरणात, म्हणजे राजाची पूजा वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला तेव्हा, त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आहेच, विरोध काही थोडा नव्हता, पण विरोधक त्यांना पाडू शकत नव्हते. लोकशाहीतल्या नेत्याला ज्यांच्या विरोधात सही करायची त्यांच्याच मतांवर परत यायचं असतं. त्यामुळे शाहू महाराजांचा फोटो मागे लावून भाषण करणाऱ्या आजच्या नेत्याला त्यांच्या मापाने मोजणं अन्यायाचं होईल, असं मी म्हणणार होतो, पण फोटो तोच लावतो ना, मग मोजून घ्यायची तयारीही त्यानेच ठेवावी.

आता दुसऱ्या मित्राकडे येतो, जो म्हणतो सगळं चळवळींनी केलं. त्याचा हुकमी पत्ता अर्थातच महाड. 20 मार्च 1927, चवदार तळं, बाबासाहेब पाण्यात हात घालतात आणि ओंजळीने पाणी पितात. यात नेत्याचं काय योगदान? तर थोडं मागे जा. सीताराम केशव बोले नावाचे मुंबई कौन्सिलचे सभासद होते, त्यांनी 1923 मध्ये ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा. तो मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं असल्याचा ठराव केला. आणि मग तीन वर्षं काहीही झालं नाही, एकही माणूस तळ्यावर गेला नाही कारण जायची हिंमत होणार कशी. सत्याग्रह झाला तो याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी. त्यानंतर डोकी फुटली, कोर्टकज्जा झाला आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. आता सांगा, बोलेंचा ठराव नसता तर सत्याग्रहाला कायद्याचा आधार कुठून मिळाला असता? आणि सत्याग्रह नसता तर त्या ठरावाची किंमत काय होती? बोलेंचं नाव आज महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे हा वेगळाच विषय, पण सही आणि पाऊल ही दोन्ही लागतात हे महाडइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

संयुक्त महाराष्ट्राचंही तेच. शंभरावर माणसं गोळ्यांना बळी पडली, 57 च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलं, आणि 1 मे 1960 ला मंगल कलश घेऊन उभे राहिले यशवंतराव, जे चळवळीच्या ऐन भरात पलीकडच्या बाजूला होते. चळवळवाल्यांना हे अजून खुपतं, आणि खुपणं समजू शकतो. पण दिल्लीला हे पटवणारा माणूस आतलाच लागणार होता, बाहेरून फक्त मोरारजींना शिव्या घालता येत होत्या. मी यात कोणाची बाजू घेत नाही, मला एवढंच म्हणायचंय की कलश आणला म्हणून विहीर खणल्याचं क्रेडिट मिळत नाही.

यशवंतरावांवर मात्र जरा थांबायला हवं कारण त्यांच्यात दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसतात. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोरांची फी माफ करणारी सवलत, जिला गावाकडे अजूनही नुसतं ईबीसी म्हणतात, ती त्यांच्या काळातली. आमच्या घरात पहिला मॅट्रिकच्या पुढे गेलेला माणूस म्हणजे माझे मोठे काका, आणि ते अजून सांगतात की तलाठ्याच्या दाखल्यासाठी तीन वेळा तालुक्याला चालत गेलो होतो, तो दाखला नसता तर आज म्हशी वळत असतो. धर्मांतरानंतर बौद्धांच्या अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या पातळीवर बंद झाल्या, त्या परत मिळायला 1990 उजाडलं, महाराष्ट्राने मात्र राज्यापुरत्या त्या 1960 च्या सुमारासच चालू केल्या. तीस वर्षं! एका राज्यातल्या एका समाजाच्या पोरांची तीस वर्षं वाचली. याला मी नेतृत्व म्हणतो आणि याचं क्रेडिट द्यायला मला काहीच जड जात नाही.

पण त्याच माणसाचं बेरजेचं राजकारणही बघा. महार वतन (गावची चाकरी करायची आणि बदल्यात थोडी जमीन) रद्द करा म्हणून बाबासाहेबांनी बिल आणलं 1928 मध्ये, आणि ते वतन कायद्याने गेलं 1958 च्या कायद्याने, बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाल्यावर. यातली वीस वर्षं इंग्रजांच्या नावावर टाकू, ठीक आहे. उरलेली? त्याच काळात कुळकायदा बघा, 1948 चा कायदा आणि 1 एप्रिल 1957 ला कसेल तो मालक. त्याआधी किती कुळांना जमिनीवरून उठवलं गेलं हे जरी धरलं तरी कायदा पुढे सरकत राहिला, कारण कुळं म्हणजे बहुसंख्य मराठा-कुणबी, म्हणजे मतं. ज्याच्याकडे कुळ म्हणूनही जमीन नव्हती त्या भूमिहीनाचं काय? दादासाहेब गायकवाडांना त्यासाठी 1959 मध्ये आणि पुन्हा 64-65 मध्ये सत्याग्रह करावे लागले, हजारो माणसं, बायकापोरांसकट, तुरुंगात गेली. आणि मग साठच्या दशकातच रिपब्लिकन पक्षाचा गायकवाडांचा गट काँग्रेसबरोबर गेला. बेरजेत आला. नेता विरोधकाला जवळ घेतो तेव्हा मागणीही जवळ घेतो की नुसता विरोधकच, हे बघायला लागतं. इथे मागणी बाहेरच राहिली असं दिसतं, कारण 1972 मध्ये ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्यासारखी पंचविशी-तिशीतली पोरं दलित पँथर काढतात ती काही उगाच नाही, गावोगावी अत्याचार चालूच होते आणि आपले म्हणवणारे पुढारी सत्तेच्या ओसरीवर बसून होते.

72 चा विषय निघालाच तर रोजगार हमी. हे माझ्या मते महाराष्ट्राच्या नेत्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम आणि गंमत म्हणजे बॅनरवर ते कधीच नसतं. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, गांधीवादी माणूस, त्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला छोटा प्रयोग केला की जो मागेल त्याला काम द्यायचं. मग 72 चा दुष्काळ आला, वसंतराव नाईक मुख्यमंत्री, आणि 73 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. माझी आजी त्यातली एक, माण तालुक्यातली. ती सांगायची की उन्हात खडी फोडायची, खडीचा ढीग पट्टीने मोजून घ्यायचे, मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा आणि दुपारी सुकडी मिळायची, आजी ती पदरात बांधून पोरांना घेऊन जायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, भाकरी थापताना तुटायची. पण आजीच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असायचं, की ढीग मापाचा असला की बाईला पण गड्याएवढेच पैसे. पन्नास वर्षांपूर्वी, माणदेशात, बाईला गड्याएवढे पैसे. यावर कुठल्या महिला दिनाला कोणी भाषण केलेलं मी ऐकलेलं नाही.

आता चळवळवाला मित्र म्हणेल की अरे त्या काळात दुष्काळी परिषदा, डाव्यांचे मोर्चे, बायकांचे लाटणे मोर्चे हे सगळं रस्त्यावर होतं, नाईकांनी काय आपणहून दिलं का? नाहीच दिलं आपणहून, बरोबर आहे. पण दुष्काळ संपल्यावर सरकारं काय करतात? कामं बंद करतात. इथे उलट झालं, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, काम मिळणं हा हक्क झाला. आणि त्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. तुमची सॅलरी स्लिप काढून बघा, प्रोफेशनल टॅक्स म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतील, ती लाईन तिथे आहे ती माझ्या आजीच्या खडीमुळे. शहरातल्या माणसाच्या खिशातून काढून दुष्काळी गावातल्या मजुराला द्यायचं, ही सही कुठल्या मोर्चाने केली नाही, ती सभागृहातच होऊ शकत होती. देशाला हा कायदा यायला 2005 उजाडलं. त्या योजनेत पुढे भ्रष्टाचार झाला, मस्टरवर मेलेली माणसं काम करायला लागली, हे सगळं खरं आहे, म्हणून ती सही खोटी होत नाही.

आता उलट उदाहरण, नामांतराचं. 27 जुलै 1978 ला दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. मागणी रास्त होती, औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढून त्या भागात उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत बाबासाहेब होते. मुख्यमंत्री होते शरद पवार, वय 37, खुर्चीवर बसून जेमतेम आठवडा. आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंसारख्यांचे जीव गेले, लोक गावं सोडून पळाले. ठराव बासनात गेला. विरोध करणारे सगळेच जातीयवादी होते असं म्हणणं सोपं आहे पण खरं नाही, हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाशी लढलेली मानाची माणसंही विरोधात होती, त्यांना मराठवाड्याची ओळख पुसली जाईल असं वाटत होतं, आणि ते वाटणं प्रामाणिक असू शकतं. पण ओळख पुसली जाण्याची भीती एका बाजूला आणि जळणारं घर दुसऱ्या बाजूला असताना त्यांनी आधी घराकडे धावायला हवं होतं, हे मला अजून वाटतं.

मग पुढे अंतुले आले, भोसले आले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, परत पवार, सुधाकरराव नाईक. लाँग मार्च झाला, माणसांनी जाळून घेतलं. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, तेही नामांतर म्हणून नाही, नामविस्तार म्हणून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. साडेपंधरा वर्षं. पवारांचे समर्थक सांगतात की दुसऱ्यांदा त्यांनी आधी लोकांशी बोलून, विरोधकांना विश्वासात घेऊन, बंदोबस्त लावून केलं म्हणून 78 सारखा वणवा पेटला नाही, आणि पुढच्या वर्षी सत्ता गेली त्यात या निर्णयाचीही किंमत होती. हे दोन्ही मला मान्य आहे (सत्ता जायला इतरही डझनभर कारणं होती, ते सोडा). पण हेच तर मी म्हणतोय. जे बोलणं, जो बंदोबस्त, जी तडजोड 94 मध्ये शक्य होती ती 79 मध्ये का नव्हती? मधल्या सात मुख्यमंत्र्यांपैकी कोणाला एकालाही गावोगावी जाऊन बसावंसं वाटलं नाही, यात समाजाचा दोष किती आणि त्यांचा किती?

इथे ठरलेलं उत्तर येतं, समाज तयार नव्हता. नेत्यांच्या बाजूचं हे सगळ्यात लाडकं वाक्य, आणि त्यात थोडं तथ्यही आहे, 78 ने तेच दाखवलं की नुसता ठराव करून मोकळं झालं की किंमत गरिबाला मोजावी लागते. पण समाज तयार झाला हे कळतं कसं? जादूटोणाविरोधी कायद्याचं बघा. डॉ. दाभोलकर वर्षानुवर्षं त्या बिलामागे फिरले, मसुदे बदलले, कलमं गाळली, शब्द मवाळ केले, दर अधिवेशनाच्या आधी मुंबईला खेपा घातल्या. सरकार म्हणायचं एकमत नाही, वारकऱ्यांना शंका आहेत, पुढच्या अधिवेशनात बघू. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला आणि आठवडाभरात वटहुकूम निघाला. मुख्यमंत्री तेच, पक्ष तेच, वारकरी तेच. त्या सहा दिवसांत समाज तयार झाला का? बदलली ती फक्त सही न करण्याची किंमत. आत्तापर्यंत सही करण्यात धोका होता, आता न करण्यात धोका होता. समाज तयार नाही या वाक्याचा अर्थ बऱ्याच वेळा माझं गणित अजून बसलेलं नाही एवढाच असतो.

आणि आपल्याला जो अभिमान असतो ना की आपण देशात पहिले, तोही जरा तपासून घ्यावा. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाएवढा वाटा देणारी दुरुस्ती आपण 1994 मध्ये केली, महिला धोरणाच्या त्याच वर्षात, आणि देशाने 2005 मध्ये, म्हणजे आपण अकरा वर्षं पुढे. छान. पण आंध्रने ती 1986 मध्येच केली होती आणि तमिळनाडूने 1989 मध्ये. आणि केली तर केली, पुढे काय? वडील गेल्यावर सातबारावर नावं लागतात आणि महिना दोन महिन्यात बहिणींना माहेरी जेवायला बोलावलं जातं. साडी, जेवण, आणि मग हक्कसोडपत्र. माझ्या आत्यांनी अशीच सही केली, मी तेव्हा बारावीत होतो, कागद कपाटावर ठेवून केली कारण टेबलावर ताटं होती. कोणी जबरदस्ती केली नाही, भाऊ तुटू नये म्हणून केली. इथे मात्र नेत्याची सही संपते आणि घरातली सुरू होते, आणि इथे मला कोणत्याही मुख्यमंत्र्याला दोष देता येत नाही, फार तर मलाच देता येतो, मी तेव्हा पाणी वाढत होतो.

पंचायतीतल्या आरक्षणाबद्दल लोक असंच म्हणतात, की काय उपयोग, सरपंचबाई घरात आणि सह्या नवरा करतो. सुरुवातीला होतंच ते तसं. आमच्या गावात बाई खुर्चीवर आणि नवरा शेजारी स्टुलावर, ग्रामसेवक बोलायचा स्टुलाकडे बघून. पण आरक्षण फिरत राहिलं, 2011 मध्ये 33 चे 50 टक्के झाले, आणि तिसऱ्या-चौथ्या बाईच्या वेळी स्टूल ग्रामपंचायतीच्या बाहेर गेलं. बायका आपोआप हुशार झाल्या म्हणून नाही, खुर्ची पुन्हा पुन्हा बाईलाच मिळत राहिली म्हणून. त्यामुळे कायद्याने माणसं बदलत नाहीत असं जे डोलत डोलत सांगतात त्यांना मी स्टुलाची गोष्ट सांगतो. फक्त हेच नेते विधानसभेच्या तिकिटाला आले की हात आखडतो, 2019 मध्ये 288 पैकी बायका निवडून आल्या 24. स्वतःच्या खुर्चीजवळ आलं की समाज परत तयार नसतो.

अजून एक मुद्दा आहे जो नेत्यांचे समर्थक नीट मांडत नाहीत, मीच मांडतो. ते म्हणू शकतात की भाषणं आणि कायदे सोडा, पैसा बघा. 1950 मध्ये प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना काढला, त्यातून पुढे कारखाने, दूधसंघ, बँका, कॉलेजं उभी राहिली, खेड्यातला पोरगा इंजिनियर झाला, सावकार गेला, हा सामाजिक बदल नाही तर काय? आहेच. कोरडवाहू कुणब्याच्या घरात जो आत्मविश्वास आला तो याने आला आणि शहरात बसून साखरसम्राट म्हणून हेटाळणी करणाऱ्यांना तो कधी दिसलाच नाही. पण त्याच उसाच्या फडात कोयता घेऊन बीडहून येणारी बाई बघा, पाचटाच्या कोपीत सहा महिने, पोरं शाळेतून काढून बरोबर. 2019 मध्ये त्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. सभासदाची पोरं परदेशात गेली आणि कोयत्याची जोडी तिथेच राहिली, आणि दोन्ही एकाच गेटच्या आत-बाहेर. पैसा ज्याच्यापर्यंत पोचवायचं ठरवलं त्याच्यापर्यंत पोचला, एवढंच.

बरं, हा सगळा वाद नवाही नाही. 1895 मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवायची नाही म्हणून रणकंदन झालं आणि ती तिथे भरली नाही. आधी स्वराज्य, मग सुधारणा. टिळकांचा युक्तिवाद फालतू नव्हता, परक्या सरकारच्या हातून आपल्या घरातले कायदे करून घ्यायचे नाहीत आणि लढ्यात फूट पाडायची नाही, हे मी त्या काळात असतो तर मलाही कदाचित पटलं असतं. 1918 मध्ये मुंबईला अस्पृश्यता निवारण परिषद झाली, तिथे टिळकांनी भाषण दणक्यात केलं, देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्या देवाला मानणार नाही इथपर्यंत गेले. मग मी व्यक्तिशः अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायला लागले, तेव्हा त्यांनी सही केली नाही. एवढा मोठा माणूस, सहा वर्षं मंडालेत काढलेला, इंग्रजाला न घाबरणारा. तो त्या कागदापाशी अडला. आपल्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून हाताकडे बघायला लागतो.

आता सध्याच्याच हाताकडे बघू. शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा कोल्हापुरात केला 1919 मध्ये. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, याच महाराष्ट्राच्या सरकारने आदेश काढला की आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्यांची माहिती घेणारी, घरच्यांशी समन्वय करणारी समिती नेमायची. ओरड झाल्यावर दोन दिवसांत त्यातून आंतरजातीय हा शब्द काढला, आंतरधर्मीय ठेवला. म्हणजे इथे वर्षं वाचवणं राहिलं बाजूला, घड्याळच उलटं फिरवलं. समर्थक म्हणतील की मुलींच्या काळजीपोटी केलं, घरच्यांनी टाकलेल्या मुलीला आधार नको का. हवा ना. पण मुलीला आधार द्यायचा तर जिने मागितला तिला द्यावा, सगळ्यांची यादी करून आईबापांना कळवण्यात आधार कोणाला मिळतो?

गंमत म्हणजे आपल्या नेत्यांनी महाराष्ट्र पुरोगामी केला असं त्या दिवशी तावातावाने सांगणारा माझा मित्र, त्याचं स्वतःचं लग्न जातीबाहेरचं. रजिस्टर लग्न, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, त्यामुळे तीस दिवसांची नोटीस. नाव, वय, पत्ता, फोटो, सगळं ऑफिसच्या जिन्याजवळ काचेच्या कपाटात टाचणीने लावलेलं. मुलीचे मामा पोलिसात होते. तो महिनाभर रोज कामाला जाताना वाट वाकडी करून त्या कपाटासमोरून जायचा, मोबाईल काढून कोणी त्या कागदाचा फोटो घेतंय का ते बघायला, आणि संध्याकाळी मला फोन करून सांगायचा, आज पण कोणी नव्हतं. एकतिसाव्या दिवशी लग्न लागलं, तीन साक्षीदार लागतात, त्यातला एक मी होतो.